चुलीच्या ओट्याची उंची

मैत्रिणींनो, आपली फिरती वही नवापूरला पोचली आहे आणि आजची गोष्ट ताजी आहे, म्हणून लगेच लिहिते.

सासूबाईंचे गुडघे धरले आहेत. खाली बसल्या की उठवत नाही. म्हणून चूल ओट्यावर घ्यायचे आम्ही ठरवले. सिमेंट परवडणारे नव्हते. परसातली पडकी भिंत मोडून विटा काढल्या, माती नदीची आणली.

सासूबाई मात्र दोन दिवस त्या विटांकडे फिरकल्याही नाहीत. ओटा झाला की चूल सुनेची, असे त्यांनी मनात धरले होते.

आज सकाळी गवंडी सुकऱ्याभाऊ आले. मी स्वतःच्या कमरेला हात लावून माप दिले. त्यांनी दारातल्या सासूबाईंकडे पाहिले. त्या माझ्या खांद्याला लागतात.

"मास्तरीणबाई, रांधस कोन?"

मी दिवसभर शाळेत असते. मी कमरेवरचा हात काढला.

सासूबाई भिंत धरत पुढे आल्या. "रांधस मी. पाय थकनात, हात नहीं थकनात." म्हणजे पाय थकले, हात नाही थकले.

"मंग उभी ऱ्हाय, माय. सूनना मापवर तर उंट रांधी!"

सासूबाई हसल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. सुकऱ्याभाऊंनी त्यांच्या कोपराखाली भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. माझ्या मापापेक्षा ती वीतभर खाली होती.

दुपारी त्या रेघेवर ओटा झाला. लिंपण अजून ओले आहे. रविवारी मी रांधते, तेव्हा मला वाकावे लागेल. वाकेन.

तुमच्या घरात मापे कोणाच्या अंगावरून घेतात?