न कापलेल्या कडा

मंगळवारी बाबा गेले. तेरवीनंतर त्यांचं खिळखिळं पुस्तक मी सराफ्यातल्या जिल्दवाल्याकडे नेलं. जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान लढले, त्या धर्मयुद्धांचा तो इतिहास.

जिल्दवाला पुस्तक आधी हुंगायचा, मग शिवायचा. शेवटी कडा कापून सारख्या करणं ही त्याची शान. यावेळी मात्र त्याचा अंगठा समासावर थांबला. पुस्तकात विजय कोणाचाही असो, त्या ओळीशेजारी बाबांनी अगदी कडेपर्यंत पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे अजून चालूच आहे.’

“दीदी, लड़ाई आठ सौ साल पुरानी,” तो म्हणाला, “पर छुरी चली तो कटेंगे बाबूजी.”

“मत काटिए.”

“टेढ़ी दिखेगी. किसी को मेरा नाम मत बताना.”

मी सांगितलेलं नाही. पुस्तकाच्या कडा वाकड्या आहेत. बाबांचं अक्षर पूर्ण आहे.