ताप नसताना

अंगठ्याच्या नखाने गुळवेलीची कांडी खरवडायची, कागदासारखी साल सुटली की आतला हिरवा रंग समोरच्याच्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "बघ, वरून सुकलेली दिसते. आत जिंदा आहे." सुदामा नगरच्या आमच्या गल्लीत काकूंची ओळख ही अशी. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. घरात कुणाला ताप आला की थर्मामीटरच्या आधी तिला कळतं.

काकू एकट्या राहायच्या. घराण्यातलं कुणी कधीकाळी होळकरांच्या फौजेत होतं. आता घरात त्या आणि अंगणात कडुनिंब, एवढंच उरलं होतं. निंबावर गुळवेल चढलेली. निंबावरची वेल औषधाला उत्तम, असं त्या अशा थाटात सांगत, की जणू ते लग्न त्यांनीच जुळवलं होतं.

मी नोकरीसाठी सांगलीहून होळकरांच्या या शहरात आलेलो. ऑफिसात दिवसभर माणसं, खोलीवर कुणी नाही. पहिल्याच भाद्रपदात तापाने फणफणलो. दारावरची बेल वाजली म्हणून कसाबसा उठलो, तर एक अनोळखी बाई उभी. तिने नाव विचारण्याआधी कपाळावर हात ठेवला.

"अरे भिया, ही तर भट्टी आहे! डॉक्टरला दाखवलं का?"

"गोळ्या आणल्यात."

"ठीक आहे. त्या चालू ठेव. आणि कुठली गोळी खातोस ते मला दाखव, त्याशिवाय मी काही देणार नाही."

गोळ्यांची पाकिटं पाहून मग संध्याकाळी काढा आला. इतका कडू, की ताप आणि मी यांतला एक जण आज जाणार हे नक्की झालं. ताप गेला. दुसऱ्या दिवशी मी अजून थोडा काढा मागितला, तर त्या चक्क रागावल्या.

"ताप गेला की काढा पण जायला पाहिजे. पाहुणा आहे तो, घरजावई नाही."

खरं सांगायचं तर मला काढा नको होता. मला बेल वाजायला हवी होती.

त्यांचे नियम कडक. पोटुशी बाईला गुळवेल नाही म्हणजे नाही. कुणाला शुगरची गोळी चालू असेल, तर "पहले डॉक्टर से पूछो, शुगर एकदम खाली जाईल," म्हणून कांडी पिशवीत परत. आणि जिथे ताप असेल तिथेच जायचं. 'बसा' म्हटलं तर दारातूनच म्हणत, "अभी नको, समोर ताप आहे." कुणाच्या घरी त्या टेकलेल्या मी पाहिल्या नाहीत. आपण कामाशिवाय गेलो तर लोकांना आवडेल, असं त्यांना बहुधा वाटतच नसावं.

मग समोरच्या भाभीजींना कावीळ झाली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की काकूंनी तापापुरती दिलेली गुळवेल, इथल्या भाषेत गिलोय, त्या सबंध हिवाळाभर पीत होत्या. कांडी कुंडीत खोचली, ती फुटली, रोज तोडून उकळायची. "घर की चीज है, नुकसान क्या करेगी?" डॉक्टरांनी ती आधी बंद केली. तिच्यामुळेच झालं असं त्यांनी छातीठोकपणे म्हटलं नाही, पण यकृताला त्रास होऊ शकतो म्हणाले. हळूहळू भाभीजींच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. त्यांनी काकूंना एका शब्दानेही दुखावलं नाही.

काकूंनी मात्र कापडी पिशवी घेतली आणि घरोघर जाऊन गुळवेल परत मागितली. "निकालो, मेरी गिलोय वापस दो." गल्ली हसली. लोकांनी फ्रिजमधून, देवघरातून, डब्यांतून सुकल्या कांड्या काढून दिल्या. नंतरच्या एका तापात मला दिलेली कांडी परत घेताना त्या म्हणाल्या, "तिला मी बंद कर म्हटलं होतं रे. पण ताप उतरला म्हणून परत बघायला गेले नाही."

त्यानंतर त्यांनी कुणाचीच बेल वाजवली नाही. गल्लीत कुणाला ताप आला तरी त्यांचं फाटक बंद. एका रविवारी न राहवून मीच गेलो. फाटकाशी आल्या, पण ते उघडलं नाही.

"काय झालं? ताप आहे का?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "म्हणजे, थोडी कणकण आहे."

फाटकावरून हात आला, कपाळावर टेकला. "झूठ. काही नाहीये." हात तिथेच राहिला. मग कडी वाजली. "ये. पण काढा मिळणार नाही. चहा पी."

पुढे दर रविवारी हेच. मी जायचो, त्या आधी कपाळाला हात लावायच्या, "नाहीये. बस," म्हणायच्या आणि आत आधण ठेवायला जायच्या. खुर्चीत बसून गप्पा मारणाऱ्या काकू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. मी निघालो की दरवेळी म्हणत, "थोडी देर और बस ना. तुला कुठे ताप आहे!"

दिवाळीनंतर त्यांची भाची त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेली. तिथेच त्या गेल्या. बातमी भाभीजींनी सांगितली, दारात उभं राहून, डोळे पुसत. घराला कुलूप आहे. निंबावर गुळवेल माजली आहे, तिला आता कुणी तोडत नाही.

या आठवड्यात मी आजारी पडलो. डॉक्टरांकडे जाऊन आलो, गोळ्या घेतल्या, दुपारभर पडून राहिलो. बेलकडे कान लागलेले, हे कबूल करायला लाज कसली? तिन्हीसांजेला वाटलं, बघावं ताप उतरला का. मी आपलाच तळहात कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. काही कळेना. हातही तेवढाच गरम होता.