दोन क्लबांची एक गाडी

लाँड्रीवाल्या काकांना हॉकीतलं ओ की ठो कळत नसे. पण आमच्या भागातल्या सात मुली मैदानावर पोचायच्या त्या त्यांच्याच गाडीतून. सकाळी हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या, संध्याकाळी मागे दोन बाकं टाकून पोरी भरायच्या. माझी लेक त्यांतलीच एक. घरी आली की तिच्या अंगाला घामाचा आणि साबणाचा मिळून वास यायचा.

काकांची मुलगी चिऊ बचावफळीत खेळायची. खेळ बेताचा, जिद्द मात्र दांडगी.

आमचा क्लब जुना. मातीचं मैदान, पत्र्याची खोली, एकच नळ. मग त्याच रस्त्यावर, थोडं पुढे, नवा क्लब निघाला. हिरवंगार कृत्रिम मैदान, दिव्यांचे खांब, आईबापांना बसायला सावली. सगळं होतं, नव्हते फक्त खेळाडू. म्हणून त्यांची माणसं घरोघरी जाऊ लागली. कुणाला नवे बूट, कुणाला राज्याच्या संघाची स्वप्नं. आम्ही आया एकमेकींशी जपून बोलू लागलो. कुणाच्या घरी कालचा चहा कुणी प्यायला, याचीच चर्चा.

नव्या क्लबचे मॅनेजर हुशार. सात घरांचे उंबरे झिजवण्यापेक्षा ते सरळ लाँड्रीत आले.

"काका, आमच्याकडे या. चिऊ पहिल्या संघात. शब्द देतो."

"तिचा खेळ पाहिलात कधी?" काकांनी इस्त्री करता करता विचारलं.

"पाहू की! तुम्ही आलात की बाकीच्या मुली मागोमाग येतीलच. गाडीला नवा रंगसुद्धा देऊ."

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली. "म्हणजे संघात जागा पोरीला नाही, गाडीला आहे."

मॅनेजर हसले, पण कानकोंडे झाले.

घरी काकांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. चिऊचं तोंड क्षणभर उतरलं. मग म्हणाली, "मग गाडीलाच बचावफळीत उभं करा म्हणावं."

काकू हसता हसता गंभीर झाल्या. मागे त्या वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हा आमच्या कोच मॅडम सराव संपला की चिऊला स्वतःच्या घरी नेऊन जेवू घालायच्या, तिचा अभ्यास घ्यायच्या. सकाळी शाळेसाठी तिच्या वेण्या आम्ही आया आळीपाळीने घालायचो.

"मी बरी झाले ती औषधांनी," काकू म्हणाल्या, "पण पोरीची काळजी नव्हती म्हणून लवकर झाले. ही माणसं सोडून जायचं नाही मला."

काका राहिले, तरी आमची आघाडीची खेळाडू आणि गोलकीपर दोघी नव्या क्लबात गेल्याच. मॅडमचे डोळे भरून आले. "मन लावून खेळा गं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका त्या दोघींच्या दारात हजर. "चला, रस्ता तोच आहे. पुढच्या फाटकाशी सोडतो."

एक आई फणकारली, "शत्रूला पोचवताय काका?"

"अहो, परवापर्यंत माझ्याच गाडीत डुलक्या घेत होत्या. एका दिवसात शत्रू कशा होतील?"

मग दोन्ही क्लबांची गाठ पडली. आमचा पार धुव्वा उडाला. परतताना सातही जणी त्याच गाडीत. अर्धा रस्ता एका पेनल्टीवरून कडाक्याचं भांडण, उरलेला अर्धा एकमेकींच्या खांद्यावर झोप.

पुढच्या वर्षी काकांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. गाडी दारात थांबली. मुलींची ने-आण आम्ही आईबापांनी वाटून घेतली, दोन्ही क्लबांच्या. कपडे धुण्याचं काकूंनी निभावलं असतं, पण सकाळच्या चादरी कोण पोचवणार? त्याच विवंचनेत होत्या, तर दारात मॅनेजर उभे.

"काकू, किल्ली द्या. सकाळी मी मोकळाच असतो."

काका बरे होईपर्यंत त्या माणसाने चादरी पोचवल्या. पहिल्या दिवशी गल्ली चुकले, एका हॉटेलचे टॉवेल दुसरीकडे देऊन आले आणि काकांना अंथरुणात हसू आवरेना. हसलं की टाके ओढायचे, म्हणून आणखी हसू.

क्लबांची ओढाताण काही थांबली नाही. त्या वर्षी त्यांनी आमची एक मुलगी नेली, त्यांची एक आमच्याकडे आली. फक्त आता चोरून काही होत नाही. मॅनेजर आधी मॅडमना फोन करतात, मॅडम त्यांच्याशी वाद घालतात आणि मग मुलीलाच विचारतात. चिऊ पहिल्या संघात कधीच गेली नाही, पण आता मॅडमच्या हाताखाली लहान मुलींना बचाव शिकवते.

बरे झाल्यावर काका पहिल्यांदा मैदानावर आले, तेव्हा मॅनेजरही आले होते. काकांनी सगळ्यांना हात जोडले. "बायको आजारी होती तेव्हा पोरीला सांभाळलंत, आता मला. मी तुमचं…"



"काका, आधी बसा बघू," मॅडम म्हणाल्या. कुणीतरी खुर्ची आणली, आणि सराव संपेपर्यंत कुणी त्यांना उठू दिलं नाही.