शोभाताईचा कागदी कप

"याला कागदी कपात द्या," साहेब कँटीनवाल्याला म्हणाले.

एड्स दिन होता. चाकणच्या एका कंपनीच्या गेटपाशी आमचं पथनाट्य नुकतंच झालं होतं. ग्रुपमधल्या बाकीच्यांपुढे चिनीमातीचे कप आले. माझ्यापुढे कागदी. नाटकातला पेशंट मी होतो.

आमच्या ग्रुपची एक पद्धत होती. नाटक संपलं की पेशंट झालेला नट पुढे यायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "मित्रांनो, मी कलाकार आहे. मला हा आजार नाही." सगळ्यात मोठी टाळी तिथेच पडायची. त्या दिवशी मध्येच शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला, गर्दी पांगली, ते वाक्य राहून गेलं. साहेबांना वाटलं, आहे म्हणूनच याला पेशंट केलाय.

पंधरा मिनिटांपूर्वी त्याच साहेबांसमोर आम्ही गायलो होतो की एका कपातून चहा प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. त्यांनी मानही डोलावली होती.

माझं डोकं फिरायला हवं होतं. फिरलं नाही. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, मला नाही. मी फक्त नाटकात होतो."

साहेब हसले. "मग खरं कोणाला आहे तुमच्यात?"

मी तोंडाने काही बोललो नाही. पण माझी नजर शोभाताईकडे गेली. क्षणभरच. साहेबांनी ती बरोबर पकडली.

शोभाताई आमच्यात डफ वाजवायची. नवरा वारला तेव्हा तपासणीत तिचंही कळलं. गोळ्या चालू, तब्येत ठणठणीत, मोशीतल्या एका वर्कशॉपमध्ये आठ-आठ तास उभी राहून काम करते. हे ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला मी तिच्यासोबत जायचो. माझ्यावर तिचा तेवढा भरवसा होता.

कप बदलले. कागदी तिच्यापुढे सरकला, चिनीमातीचा माझ्यापुढे आला. आणि मी प्यालो. शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. तिने तिच्या कपाला हात लावला नाही.

माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात कान तुटलेला कप होता. बाहेर वळचणीला ठेवलेला. प्यायचा, स्वतः विसळायचा, परत तिथेच ठेवायचा. ही गोष्ट सांगताना वडिलांचा आवाज चढायचा. ती ऐकत मी मोठा झालो. आणि माझ्या हातून काय झालं? तोच कप मी दुसऱ्याच्या हातात दिला. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आजही लाज वाटते.

परतीच्या बसमध्ये ती शेजारी बसली होती. मोशीचा स्टॉप आला तशी उठली. म्हणाली, "कप पालटला तवा तू खाली बघत व्हतास. मी तुझ्याकडं बघत व्हते." उतरून गेली.

पुढच्या तालमीला ती आली नाही. डफ पाठवून दिला. मी घरी जाऊन माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. तिने माफ करावं असं माझं म्हणणंही नाही.

नंतरचा प्रयोग निगडीच्या बस स्टँडवर होता. पेशंट मीच. नाटक संपलं, मी पुढे आलो, हात जोडले. लोक टाळीच्या तयारीत. ती टाळी 'याला नाही' या सुटकेची असते, ते मला आता कळलं होतं. ते वाक्य मी म्हटलंच नाही.

मागून एकाने विचारलं, "भाऊ, तुमाला हाय का न्हाई, तेवढं तरी सांगा."

"ते मी सांगणार नाही," मी म्हणालो.

कुणी टाळी वाजवली नाही. जवळच्या बाकावरची दोन माणसं उठून लांब जाऊन बसली. ग्रुपमधले चिडलेत, कंपन्या आता बोलवणार नाहीत म्हणतात. माण गावच्या ज्या स्थळाशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, त्यांच्याही कानावर गेलंय. आई रडकुंडीला येऊन म्हणते, एकदा सांगून टाक ना बाबा, तुला काही नाही म्हणून.

नाही सांगणार. स्थळ मोडलं तर मोडलं. माझ्यापुढे कागदी कप आला तर तो उचलेन, देणाऱ्याच्या डोळ्यात बघत पिईन. पण 'मला नाही' हे शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाहीत.