कपाटातला लाल साका

आज भंडाऱ्यात आमच्या कॉलेजात बीएस्सीची केमिस्ट्री प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. कॉलेजकडून परीक्षक मी होतो. घरी येऊन दोनदा चूळ भरली, तरी तोंड कडूच आहे.

प्रयोग साधा. निकेलच्या द्रावणात एक रसायन घातलं की निकेल त्याला बांधलं जातं आणि लाल साका तयार होतो. तो गाळून, वाळवून तोलायचा. आमच्याकडे मात्र साका कपाटातून निघतो, गेल्या वर्षीचाच. तीच पूड सगळी पोरं आळीपाळीने तोलतात.

सिहोऱ्याच्या एका पोरीने तीन तास राबून स्वतःचा साका काढला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांना विचारलं, यात निकेल कशानं धरलंय? तिलाच आलं. "सर, दोन रेणूंचे चार नायट्रोजन त्याले चारी बाजूनं पकडून राहतात."

तरी सर्वांत कमी गुण तिलाच. भजं चावत ते बाहेरचे परीक्षक साहेब म्हणाले, "सगळ्यांचं वजन सारखं येऊन राहिलं, इचंच वेगळं काहून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. मी गुणपत्रकावर साहेबांच्या सहीखाली सही केली.

आता थुंकायचं कोणावर, ते तुम्हीच सांगा.