बाल्कनीतली खारी हवा

“हात लावू नकोस त्या मशीनला! बाजूला हो आधी!”

आई बाल्कनीतून ओरडत होती... आवाज असा, की दिल्लीच्या आर. के. पुरममधले झाडून सगळे कुत्रे गप्प झाले. मी प्लगला हात घालून तसाच उभा. आदल्या आठवड्यात पुण्याहून आली तेव्हा या बाईला दम्यामुळे एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं!

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, संकेत — मी यातलं काहीही मानत नाही. अमावास्येला स्मशानात बसून छोले-भटुरे खाईन, वर लस्सी मागेन. मी गुडगावच्या एका कंपनीत आहे. कोकण किनाऱ्यावर आम्ही हवेतलं प्रदूषण मोजायची मशिन्स बसवतो, आकडे इथे स्क्रीनवर बघतो. खाऱ्या वाऱ्याने ती बिघडतात, म्हणून अधूनमधून एखादं मागवून चांगल्या मशीनशेजारी ठेवायचं आणि आकडे जुळतात का बघायचं, अशी पद्धत. हे ऑफिसच्या गच्चीवर करायचं असतं. पण नोव्हेंबरात त्या गच्चीवर कोण चढणार यार? मी जोडी घरी आणून बाल्कनीत मांडली. बाहेरची हवा चमच्याने ढवळावी इतकी दाट.

चांगल्या मशीनचा आकडा लालभडक, म्हणजे हवा विषारी. शेजारचं, देवगडकडून आलेलं — हिरवंगार!

“बिघडलंय,” मी म्हटलं.

“मग आई दिवसभर तिथेच का बसतात रे?” माझी बायको मीनल म्हणाली.

खरंच की. आई त्या मशीनला खेटून मटार सोलत होती. इनहेलर आत टेबलावर, धाप नाही, वर गुणगुणणं चालू. आत आली की पुन्हा घरघर. मी मशीनचा फिल्टर काढला. दिल्लीत तो चार दिवसांत काजळ होतो. हा पांढरा, ओलसर. मी चाटला... हो, चाटला! खारट.

तेवढ्यात बॉसचा फोन. किनाऱ्यावरची जागा रिकामी पडलीये, मशीन आजच्या आज परत पाठव. म्हणून मी प्लग काढायला गेलो, आणि तो आरडाओरडा.

“आई, नोकरी जाईल माझी.”

“आणि माझा श्वास जाईल, तो?”

मी तरीही प्लग काढला. खोक्याला टेप लावत होतो तोवर तिला धाप लागली. मशीन कुरिअरने गेलं, आई हॉस्पिटलात. बरी झाल्यावर पुण्याला गेली, पण आजही फोनवर मीनलशीच बोलते.

मशीन पुन्हा किनाऱ्यावर बसलं आणि मी स्क्रीन उघडली. समोर समुद्र, मागे माड — आणि आकडा दिल्लीचा! लालभडक! आमचा इंजिनिअर तिकडे जाऊन आला, स्क्रू न् स्क्रू उघडून पाहिला. बिघाड नाही. ज्यांना विचारलं ते हसतात.

शेवटी ज्यांच्या पडवीत मशीन बसवलंय, त्या सावंतांना मीच फोन लावला.

“सावंत, तिकडे काही जळतंय का? कचरा, भट्टी, काही?”

“नाय साहेब. हवा बरी आसा. फक्त आमचे बाबा पडवीत बसले की त्यांका धाप लागता. आधी कधी लागूक नाय.”