बंद न पडता चाकण

पुण्याहून निघताना मला हसूच आवरेना. आमच्या दारात मोटार! चार मालक करून आलेली, पण मोटार. निघालो होतो चाकणला, माझ्या आईला आणायला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता आणि आई येईना. शेवटी तिनं निरोप धाडला, "मोटार न ढकलता दारात आली तर बसंन. ढकलत आणली तर पुन्यांदा डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई."

मोटार मात्र आदल्या दिवसापासून बिथरलेली. आम्ही दोघांनी कार्बुरेटर धुतला, तेव्हापासून उभी राहिली की नुसती बोंबलायची. ह्यांनी स्क्रू पिळून आवाज उतरवला, तर आता वेग कमी केला की गपकन बंद! कासारवाडीला मी पदर खोचून ढकलली. भोसरीत दोन पैलवान धावत आले. "वैनी, तुमी आत बसा, आमी हाय की!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी गाडी थेट हुसेनभाई मेकॅनिककडे नेली. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडून कार्बुरेटरला येणाऱ्या बारक्या नळीवर बोट ठेवून हुसेनभाईंनी विचारलं, "ही कोणी लावली?"

मीच! कार्बुरेटरला सारखीच दोन तोंडं होती, खालचं हाताशी आलं, दिली बसवून. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "मी." इतकं गोड वाटलं म्हणून सांगू!

"साहेब, खालच्या तोंडाला हवेची ओढ कायम. गाडी उभी असली तरी ठिणगी आधीच पडते, इंजिन उधळतं. त्यात तुम्ही स्क्रू पिळला, म्हणून बंद पडते. वरच्या तोंडाला ओढ लागते ती ॲक्सिलरेटरवर पाय दिल्यावर." त्यांनी नळी वर लावली, खाली बूच मारलं, स्क्रू जागेवर आणला. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं आणि मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

चाकणला दारात गाडी उभी राहिली, चालूच! आईनं आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाची गुळाची पेज) पाजलं, बोचकं उचललं आणि मुकाट्यानं खिडकीशी बसली. मी मध्ये.

परतताना मोशीच्या पुलावर समोरून कांद्याच्या बैलगाड्या आल्या. आम्ही थांबलो.

"बंद पडली व्हय? मग मी उतरते." आई दार चाचपू लागली.

मी तिचा हात धरून समोरच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा बारीक थरथरत होता. हात मात्र बर्फासारखा गार. इतके दिवस मी तिला हट्टी म्हणत होते. बिचारी ऑपरेशनला भ्याली होती, आणि मला ते आत्ता कळत होतं.

तिनं हात तसाच ठेवला.

"चालू हाय," ती म्हणाली. "मग थांबलात कशाला, जावईबापू? चला."